बिनचक्रीचा वॉल

कवठवाडी, ता. पूर्णा
१९ एप्रिल २०२५

सिद्धू,

सप्रेम जयभीम. हात सवयीनं लिहितो म्हणून लिहिलं. आज त्यात प्रेम किती हाय ते विचारू नको.

तुझे फोन मीच कट करायलेय. फोनवर तू "आत्या, जेवलीस का" म्हणतोस, दोन मिन्टात मला हसवतोस, आन् मला काय बोलायचं होतं तेच मी विसरून जाते. ह्या वेळी राग विसरायचा न्हाई असं ठरवलंय. म्हणून कागद घेतला. पोस्टात टाकायला ताडकळसला बाजाराच्या दिवशी जाईन, तोवर राग निवला तर फाडून टाकीन. पत्र तुझ्या हातात पडलं म्हणजे निवला न्हाई असं समज.

तुझा पाण्याचा वॉल मेला. जयंती झाली आन् दुसऱ्याच दिवशी आपल्या वस्तीच्या, भीमनगरच्या नळांना टिपूस न्हाई. गावात मात्र धो धो पाणी. व्यंकटरावाच्या दारात म्हशी धुवायलेत. आमी शाळेपाशीच्या हापशावर रांगेत, ह्या परभणीच्या उन्हात. गीताबाईला चक्कर येऊन ती हापशापाशीच बसली.

मी काय काय ऐकून घेतलं होतं त्या वॉलसाठी, मालूम हाय ना तुला? पहिले भुजंग वॉलमन होता. लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरायचा, जसा काय हत्तीवरून चाललाय. गावचा वॉल पहाटं उघडायचा, आमचा सगळ्यात शेवटी, आन् कुठं काही भांडण झालं की उघडायचंच "विसरायचा". ग्रामपंचायतीत मी एकटी बाई मेंबर आमच्या वस्तीची. मी उभं राहून सांगितलं, माझ्या भाच्याच्या कंपनीत असा वॉल बनतो की ज्याला फिरवायची चक्रीच न्हाई, चावी न्हाई, करंट न्हाई. पाण्याच्या जोरावरच आपोआप चालतो, दोन्हीकडं बरोबर वाटून देतो. ज्याला चक्री न्हाई तो कुणाच्या हातात जाणार? हेच सांगितलं मी. व्यंकटराव पाणी समितीचा अध्यक्ष, त्याचं तोंड कडू झालं होतं, पण वरून मंजुरी आली म्हणून गप बसला.

आता तोच माणूस पारावर बसून सगळ्यांना सांगायलाय, "बाईच्या भाच्याचं मशीन फेल झालं. आता चक्री बसवू आन् चावी भुजंगाकडं देऊ."

माझं डोकं फिरलंय. खड्डा तुझ्या वॉलचा गावच्या वाटेवर. रातोरात कुणीतरी काहीतरी केलंय त्याला, मला पक्कं वाटतं. आन् समज कुणी काही केलं नसंल, तर मग तुझ्या मशीनमधेच खोट. दोन्हीपैकी काय ते सांग. उडवाउडवी नको.

धम्मशीला आत्या


चाकण
२४ एप्रिल २०२५

आत्या,

जयभीम. पत्र कॅन्टीनमध्ये उघडलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. तू माझ्यावर चिडलीस ते ठीक, पण "खोट" म्हणालीस ते लागलं. त्या वॉलचं पहिलं ड्रॉइंग मी केलंय. तो गावात बसला तेव्हा मी रजा टाकून आलो होतो, चिखलात गुडघ्यावर बसून नट आवळले होते. तू चहा घेऊन आली होतीस.

पुन्हा एकदा समजावून सांगतो, म्हणजे तुला चारचौघांत बोलता येईल. साधा वॉल पाण्याच्या विरुद्ध उघडावा लागतो, म्हणून त्याला भुजंगसारखा गडी आणि लांब चावी लागते. सोसाट्याचा वारा असताना दार लोटायला जोर लागतो ना, तसं. पण दाराच्या दोन्ही अंगांनी सारखाच वारा असेल तर? मग पोरगंसुद्धा एका बोटानं ढकलतं. आमच्या वॉलमध्ये तेच केलंय. पाइपातलं पाणी समोरून दाबतं आणि तेच पाणी बारीक नळीतून मागेही नेलंय. दोन्ही दाब एकमेकांना खाऊन टाकतात. याला आम्ही प्रेशर बॅलन्स्ड म्हणतो. राहतं काम फक्त एका लहानशा स्प्रिंगचं. गावानं जास्त ओढलं की तो वस्तीकडं जास्त उघडतो. माणूस लागतच नाही. माझं मशीन जात बघत नाही, आत्या. त्याला बघताच येत नाही.

आता नीट वाच. वर घुमटीसारखं झाकण आहे, त्याच्या बाजूला एक बारीक भोक आहे, ज्वारीचा दाणा जाईल एवढं. ते त्याचं नाक. स्प्रिंग वर-खाली होते तेव्हा आतली हवा तिथून ये-जा करते. ते बुजलं तर हवा कोंडते आणि वॉल मिटलेला असेल तसाच अडकून बसतो. आपोआप बुजत नाही ते. कुणीतरी बुजवावं लागतं.

आणि कुणी बुजवलं असेल ते तुला-मला दोघांनाही माहीत आहे. मला आता इथं काम सुचत नाही. मी गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर सरळ लिहिलंय की वस्तीचं पाणी तोडायला वॉलशी मुद्दाम छेडछाड झाली आहे. बघू कोण काय बोलतं. तू एक तारखेच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर खड्डा उघडायला लाव. एकटी उघडू नकोस, नाहीतर म्हणतील हिनंच केलं. भोक बघ. माती, चिंधी, मेण, काय निघतं ते सगळ्यांना दाखव.

सिद्धोधन


कवठवाडी
३ मे २०२५

सिद्धू,

निघालं. दाखवलं सगळ्यांना.

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं आन् ग्रामसभा बसली. तुझ्या व्हॉट्सअपनं गाव आधीच तापलेलं. मी उभी राहिले. भुजंगचं नाव घेतलं, घडाघडा बोलले. हा वॉलमन होता, ह्याची चावी गेली, ह्यानंच वॉलचं नाक बुजवलं. भुजंग पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लागला. मी म्हणलं शपथ नको, खड्डा उघडा.

सगळी सभा उठून खड्ड्यावर आली. सरपंच राजेश्री पण आली. व्यंकटरावाची सून ती, खुर्ची तिची आन् तोंड सासऱ्याचं. फरशी सरकवली. आत तुझा वॉल निळा. निळाशार रे, नवीन नवरीसारखा. नटसुद्धा निळे. भोक कुठं दिसंना, कारण त्याच्यावरून ऑइलपेंटचे दोन हात मारलेले.

जयंतीला आपल्या पोरापोरींनी कमान रंगवली, कठडे रंगवले, झेंड्याचा खांब रंगवला. डब्यात रंग उरला. गीताबाईच्या पिंकीनं ठरवलं, हा वॉल आपला हाय, आपल्यासाठी आलाय, तो कामून असाच राहावा? खड्ड्यात उतरून मन लावून रंगवला तिनं. खालचा चिखल पुसून मग रंगवला. एवढं नीट तर घराचं दार कुणी रंगवत न्हाई.

हे पिंकीनंच सगळ्यांसमोर कबूल केलं. मग मागं कुणीतरी हसलं. मग सगळे. हसले रे सिद्धू, पोट धरून हसले. भुजंग तर खाली बसून हसायलाय. "स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक बुजवलं" असं म्हणायले. पिंकी माझ्या मागं उभी, ओढणीत तोंड घालून रडायली. मला तिच्या कानाखाली पण द्यावी वाटली आन् तिला पोटाशी पण धरावं वाटलं. दोन्ही केलं न्हाई. खड्ड्यात उतरले आन् पदराच्या पिनेनं भोक मोकळं केलं. फुस्स करून हवा आली, वॉल आत हलला, पाइपातून पाणी धावल्याचा आवाज झाला. वस्तीतून आरडाओरडा आला, नळ आला, नळ आला. सगळ्यांनी ऐकलं.

म्हणजे भांडण तिथंच मिटायला पायजे होतं की न्हाई? मशीन चांगलं, कुणाचा गुन्हा न्हाई, रंग निघाला, पाणी आलं. पण व्यंकटराव म्हणतो, "आज रंग, उद्या दुसरं काही. असल्या नाजूक मशीनवर गावानं भरोसा ठेवायचा? चक्री बसवा." हात वर केले सगळ्यांनी, अजून हसू जिरलं नव्हतं त्यांचं. आमची वस्ती हात खाली घालून उभी. ठराव पास. आमच्या पाण्याला चक्री, चक्रीला कुलूप, किल्ली भुजंगाकडं.

चूक रंगाची झाली आन् शिक्षा पाण्याला.

तू ग्रुपवर आधी लिहिलं नसतंस, मी भुजंगचं नाव घेतलं नसतं, तर एवढी बेइज्जती झाली नसती. तुला पक्कं मालूम होतं ना, कुणी बुजवलं ते? मला पण पक्कं मालूम होतं. म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जायलीय.

आत्या


चाकण
९ मे २०२५

आत्या,

ग्रुपवर मी चूक झाली म्हणून लिहिलंय. खाली हसण्याचे पिवळे तोंडवळे आलेत रांगेनं. असो.

पण तुझ्या पत्राच्या आधीच व्यंकटरावांचं पत्र आमच्या कंपनीत येऊन पोचलं होतं. "सदर वॉलला चक्री बसवून मिळावी." एवढंच. साहेबांनी कागद माझ्याच टेबलावर टाकला आणि म्हणाले, "तुझ्या गावचं आहे, तूच करून टाक." मी म्हणालो या वॉलला चक्री बसवणं म्हणजे त्याचा जीव काढणं आहे. ते म्हणाले गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं. मी बाहेर जाऊन गेटपाशी उभा राहिलो.

मी बघतो काय करायचं ते. जास्त विचारू नकोस. माझ्यावर विश्वास ठेव एवढंच सांगतो.

सिद्धोधन


कवठवाडी
२० मे २०२५

सिद्धोधन,

आज सिद्धू लिहवत न्हाई.

तुझ्या कंपनीची माणसं येऊन गेली. खड्ड्यात उतरून चक्री बसवली. लाल रंगाची, चकचकीत. नारळ फोडला. व्यंकटरावानं माणसांना जेवायला घरी नेलं. जाताना त्यातला एक मला नमस्कार करून म्हणतो, "सिद्धोधन साहेबांनी स्वतः बनवलीय चक्री, आत्या." स्वतः! भर रस्त्यात, दहा माणसांसमोर! व्यंकटराव माझ्याकडं बघून हसला. म्हणला, "भाचा हुशार हाय तुमचा. गावाचा शब्द राखला."

नोकरी हाय, हप्ते हायत, लेकरू शाळेत हाय, सगळं कळतं मला. मग तसं लिहायचं होतंस. "आत्या, माझं काही चाललं न्हाई" एवढं लिहिलं असतंस तर मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. विश्वास ठेव कामून लिहिलंस? मी वस्तीत सगळ्यांना सांगितलं, सिद्धू काहीतरी करंल. आता गीताबाई माझ्याकडं बघत न्हाई, खाली बघून जाते.

वस्तीत सगळ्यांनी हंडे, ड्रम, बादल्या भरून ठेवल्यात. लेकरांच्या आंघोळी बंद. अजून पाणी येतंय, पण आज न्हाई तर उद्या ती चक्री फिरणार. तुझ्या हातची.

पत्राचं उत्तर देऊ नको.

धम्मशीला


चाकण
२४ मे २०२५

आत्या,

उत्तर देतोय. शिव्या नंतर दे, आधी वाच.

त्यांनी चक्री मागितली, मी चक्री दिली. त्या चक्रीनं काय व्हावं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. लिहिता येण्यासारखं नव्हतंच ते. म्हणून मी ठरवलं काय व्हावं ते. ती चक्री वॉलला वर उचलू शकते, खाली दाबू शकत नाही. म्हणजे पुन्हा कधी नाक बुजलं आणि वॉल अडकला, तर फिरवून उघडता येईल. बंद करायला फिरवली तर नुसती फिरते, कटकट आवाज करते, शेवटी घट्टही लागते, म्हणजे फिरवणाऱ्याला वाटावं की बंद झालं. आत दाब दोन्हीकडून सारखेच राहतात. तुमचं पाणी तुमच्याकडं येतच राहील.

किल्ली भुजंगकडं राहू दे, कुलूप राहू दे, नारळ फोडू दे. त्यांना वाटू दे की पाणी त्यांच्या हातात आहे. साहेबांनाही मी एवढंच सांगितलंय की चक्री इमर्जन्सीत उघडण्यासाठी आहे. ते खरंच आहे.

म्हणून म्हणालो होतो विश्वास ठेव. आधी लिहिलं नाही कारण तुझा राग तुझ्या तोंडावर दिसतो आणि तुझं हसूही. ते कळलं असतं त्यांना. आता तरी कुणालाही सांगू नकोस. गीताबाईलासुद्धा नाही. ग्लास भर, पाणी पी आणि गप बस.

सिद्धू


कवठवाडी
२ जून २०२५

सिद्धू,

सप्रेम जयभीम. ह्या वेळी मनापासून, पण राग अजून हाय, ते पुढं सांगते.

तुझं पत्र यायच्या आधीच चक्री फिरली होती. ताडकळसच्या बाजारात आपल्या एका पोराच्या मोटारसायकलचा धक्का व्यंकटरावाच्या पुतण्याला, योगीराजला लागला. खरचटलं सुद्धा न्हाई. तरी संध्याकाळी भुजंग गेला, कुलूप काढलं, दोन्ही हातांनी चक्री फिरवली. सकाळी मी नळापाशी हंडा लावून बसले, म्हणलं आता बघू. आन् पाणी आलं! रोजच्यासारखं, धार धरून. दुपारी भुजंग वस्तीच्या तोंडाशी उभा राहून नळाकडं बघायलाय, त्याच्या कपाळावर आठ्या. परत गेला, परत फिरवली. परत पाणी.

मग तुझं पत्र आलं. मी वाचलं आन् एकटीच घरात हसले, डोळ्यातून पाणी येईस्तोवर. दाराची कडी लावून हसले. कडी लावली तेव्हाच कुठंतरी खटकलं बघ. माझं पाणी, माझं हसू, आन् मी कडी लावून हसायले? प्यायला भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला. एवढा राग आला मला तुझा, तू चक्री दिलीस असं वाटलं तेव्हा आला नव्हता तेवढा.

अरे, महाडच्या तळ्यावर आपली माणसं दिवसाढवळ्या गेली होती. रात्री गुपचूप घागर बुडवून आणली असती तर तहान भागलीच असती की. मग कशाला गेली ती भर उन्हात, मार खायला? आन् तू मला सांगतोस, पाणी पी आणि गप बस?

ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. मी गेले. आधी भुजंगला पुढं बोलवलं, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. भोक बुजवल्याचा आळ घेतला होता त्याची. पाणी तोडायला गेला त्याची न्हाई मागितली, ते पण त्याला सांगितलं. मग म्हणलं, "ऐका. तुमची चक्री बंद होत न्हाई. माझ्या भाच्यानं तशीच बनवलीय. मला पत्रानं कळलं, म्हणून तुमाला सांगायलेय."

व्यंकटराव खुर्चीतून उठलाच. "फसवणूक हाय ही! बदलून घेऊ! बंद होणारी चक्री पायजे आमाला!"

मी म्हणलं, "घ्या की. ठराव लिहा. ग्रामसेवक, लिहून घ्या, भीमनगरचं पाणी ह्या चक्रीनं बंद होत न्हाई, म्हणून बंद होणारी चक्री मिळावी. आन् बंद कशासाठी करायचं, ते पण खाली लिहा. सगळ्यांनी सह्या करा. मी पण करते."

ग्रामसेवक भगवानराव पेन धरून बसले. व्यंकटराव म्हणतो, "लिहा, दुरुस्तीसाठी." भगवानराव खाली बघत म्हणले, "दुरुस्तीला टाकीखालचा मोठा वॉल हाय, मालक. मग वरचे साहेब विचारतील, हा कशाला." मग कुणी म्हणलं पाणी वाया जातं म्हणून लिहा. वाया कुठं जातं ते कुणाला सांगता येईना.

आन् मग राजेश्री बोलली. आजवर सभेत तिचा आवाज मी ऐकला नव्हता, खरं सांगते. डोक्यावरचा पदर सावरला आन् सासऱ्याला म्हणाली, "मामा, सही माझी लागते. वस्तीचं पाणी तोडायला, असं लिहिलेल्या कागदावर मी सही करणार न्हाई. दुसरं काही कारण असंल तर तुमी सांगा, मी माझ्या हातानं लिहिते."

व्यंकटरावानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ज्यांनी ग्रामसभेत हसत हसत हात वर केले होते ते सगळे आता आपापल्या चपला बघायलेत. रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आन् निघून गेला. जाताना मला एवढंच म्हणला, "लय माजलात." मी म्हणलं, "हो."

राजेश्रीनं चक्री काढायचा ठराव घेतला. भगवानरावांनी लिहिला. एका ओळीचा हाय, त्याला कारण शोधावं लागलं न्हाई.

चक्री पिंकीनं काढली, भर दुपारी, पाना घेऊन, गाव बघत असताना. भुजंग वरून सांगायलाय, उलटा फिरव, उलटा. आता वॉल पहिल्यासारखा हाय, बिनचक्रीचा. निळा रंग मी खरवडू दिला न्हाई, फक्त नाकाभोवतीचा काढला.

चक्री एसटीच्या पार्सलनं पाठवायलेय. परभणी स्टँडवरून निघंल. तुझ्या साहेबाच्या टेबलावर ठेव आन् सांग, गिऱ्हाइकानं परत केली.

तुझ्यावरचा राग गेला न्हाई, सिद्धू. तू हुशारी केलीस, आमच्या भल्यासाठी केलीस, सगळं मान्य. पण तू आमाला चोरीचं पाणी पाजत होतास, आमच्याच हक्काचं. पुन्हा असं करशील तर दारात उभा करणार न्हाई.

आता फोन केलास तरी चालंल. आधी मी बोलणार, तू मधी हसवायचं न्हाई. आन् जेवलीस का ते शेवटी विचार.

तुझी आत्या